जठरशोथ आणि अम्लस्रावाचे संप्रेरक-नियमन

जठराच्या आतील श्लेष्मल अस्तराच्या दाहाला जठरशोथ म्हणतात. हा दाह अस्तराला इजा करून थांबत नाही. गॅस्ट्रिन, सोमॅटोस्टॅटिन, हिस्टॅमीन व ग्रेलिन यांसारख्या ज्या रासायनिक संदेशवाहकांच्या परस्पर तोलावर जठरातील अम्लाचे प्रमाण अवलंबून असते, त्यांच्या निर्मितीतही तो बदल घडवतो. या बदलाची दिशा सर्व रुग्णांत सारखी नसते. दाह जठराच्या कोणत्या भागात आहे, यावर अम्ल वाढणार की घटणार हे ठरते. एकाच जीवाणूच्या संसर्गातून एका व्यक्तीला ग्रहणीचा व्रण होतो आणि दुसरीला काही दशकांनंतर जठराचा कर्करोग होतो, यामागे बऱ्याच अंशी हेच कारण आहे.

बोलीभाषेत जठरशोथ, आम्लपित्त, ‘ॲसिडिटी’ आणि ‘गॅसेस’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र जठरशोथ हे ऊतकाच्या तपासणीवर आधारलेले निदान आहे. दुर्बिणीतून, म्हणजे एंडोस्कोपीने, काढलेल्या अस्तराच्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली दाहपेशी आढळल्या तरच ते निश्चित होते. जठरशोथ असलेल्या बहुसंख्य लोकांना काहीही त्रास होत नाही. उलट, छातीत जळजळ होणाऱ्या अनेकांचे जठर निर्दोष असते. जठरशोथात अम्ल वाढलेलेच असते ही समजूत तर पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत वस्तुस्थितीच्या नेमकी उलट आहे.

जठराचे दोन प्रदेश

कार्याच्या दृष्टीने जठराचे दोन भाग पडतात. वरचा घुमटासारखा भाग व मधला विस्तृत भाग मिळून अम्ल निर्माण करणारा प्रदेश होतो. या लेखात त्याला जठरकाया म्हटले आहे. ग्रहणीकडे, म्हणजे लहान आतड्याच्या प्रारंभीच्या भागाकडे, निमुळता होत जाणाऱ्या शेवटच्या भागाला अँट्रम म्हणतात.

जठरकायेतील ग्रंथींमध्ये अम्लजनक पेशी असतात. त्या हायड्रोक्लोरिक अम्ल स्रवतात, तसेच ब-१२ जीवनसत्त्वाच्या शोषणासाठी लागणारा आंतर घटकही तयार करतात. त्यांच्या शेजारच्या मुख्य पेशी पेप्सिनोजेन हे प्रथिन स्रवतात आणि अम्लाच्या सान्निध्यात त्याचे पेप्सिन या पाचक विकरात रूपांतर होते. याच ग्रंथींच्या तळाशी हिस्टॅमीन साठवणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या दिसण्यावरून त्यांना एंटेरोक्रोमाफिन-सदृश पेशी असे लांबलचक नाव मिळाले असून व्यवहारात त्या ईसीएल पेशी म्हणून ओळखल्या जातात.

अँट्रममध्ये अम्लजनक पेशी जवळजवळ नसतात. तेथे गॅस्ट्रिन तयार करणाऱ्या जी पेशी असतात. म्हणजे अम्ल तयार होते एकीकडे आणि ते तयार करण्याचा आदेश निघतो दुसरीकडे. सोमॅटोस्टॅटिन तयार करणाऱ्या डी पेशी मात्र दोन्ही प्रदेशांत आढळतात. पुढील सर्व विवेचनाचा आधार ही विभागणीच आहे.

निरोगी अवस्थेतील नियमन

प्रौढ माणसाच्या जठरात दिवसाला सुमारे दीड ते दोन लिटर जठररस स्रवतो. अम्लजनक पेशीच्या पटलावरील प्रोटॉन पंप रक्ताच्या तुलनेत दहा लाख पटींहून अधिक संहत हायड्रोजन आयन जठराच्या पोकळीत सोडतो. इतके तीव्र द्रव्य तयार करणारी यंत्रणा अनिर्बंध सोडणे शरीराला परवडणारे नाही, म्हणूनच तिच्यावर उत्तेजक आणि निरोधक अशा दोन्ही प्रकारच्या संदेशांचे नियंत्रण असते.

अन्नाच्या वासाने किंवा नुसत्या आठवणीनेही व्हेगस तंत्रिका कार्यरत होते. तिच्या टोकांतून स्रवणारे ॲसिटिलकोलीन अम्लजनक पेशींना थेट चेतवते. अँट्रममधील तंत्रिकातंतू गॅस्ट्रिन मुक्त करणारे एक पेप्टाइड सोडतात. अन्न पोहोचल्यावर त्यातील प्रथिनांचे तुकडे व अमिनो अम्ले जी पेशींना आणखी उत्तेजित करतात. गॅस्ट्रिन रक्तात मिसळते, रक्ताभिसरणाची पूर्ण फेरी मारून जठरकायेत पोहोचते आणि प्रामुख्याने ईसीएल पेशींना हिस्टॅमीन सोडण्यास भाग पाडते. हे हिस्टॅमीन शेजारच्या अम्लजनक पेशींवरील एच-२ ग्राहींना चिकटते आणि अम्ल स्रवू लागते. काटेकोर व्याख्येनुसार हिस्टॅमीन हे संप्रेरक नव्हे, कारण ते रक्तावाटे दूर न जाता शेजारीच काम करते. अम्लाच्या साखळीत मात्र त्याला वगळता येत नाही.

गॅस्ट्रिनचे दुसरे काम वाढ घडवण्याचे आहे. दीर्घकाळ वाढलेले गॅस्ट्रिन ईसीएल पेशींची व काही अंशी अम्लजनक पेशींची संख्या वाढवते.

ही साखळी थांबवण्याचे काम सोमॅटोस्टॅटिन करते. अँट्रममधील डी पेशींचे एक टोक जठराच्या पोकळीत उघडे असते. पोकळीतील पीएच सुमारे ३ च्या खाली गेला की या पेशींतून सोमॅटोस्टॅटिन स्रवते आणि शेजारच्या जी पेशींचा स्राव रोखते. अम्ल वाढले की गॅस्ट्रिन घटते व अम्ल कमी झाले की गॅस्ट्रिन वाढते. पाण्याच्या टाकीतील तरंगता गोळा पातळी वर येताच नळ बंद करतो, तशीच ही ऋण प्रत्याभरणाची योजना आहे. जठरकायेतील डी पेशी पोकळीपर्यंत पोहोचत नाहीत. त्या ईसीएल व अम्लजनक पेशींना जवळून आवर घालतात. लहान आतड्यातून येणारे सिक्रेटिन व कोलेसिस्टोकायनिन ही संप्रेरकेही अम्लस्राव मंदावण्यास हातभार लावतात.

संशोधनाचा इतिहास

१९०२ साली विल्यम बेलिस व अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी सिक्रेटिनचा शोध लावल्यावर जठरातही असाच एखादा रासायनिक दूत असावा, असा विचार पुढे आला. १९०५ साली इंग्लंडमधील शरीरक्रियावैज्ञानिक जॉन सिडनी एडकिन्स यांनी अँट्रमच्या अर्काने अम्लस्राव होतो असे दाखवून त्या दूताला गॅस्ट्रिन हे नाव दिले. परंतु पुढे पोलिश संशोधक लिऑन पोपिएल्स्की यांनी हिस्टॅमीननेही तसाच तीव्र स्राव होतो हे दाखवले. हिस्टॅमीन तर शरीराच्या बहुतेक ऊतकांत सापडते, तेव्हा एडकिन्स यांचा अर्क म्हणजे केवळ हिस्टॅमीनच असावे, असा निष्कर्ष निघाला आणि गॅस्ट्रिनची कल्पना अनेक दशके मोडीत निघाली.

१९३८ साली सायमन कोमारोव्ह यांनी हिस्टॅमीनविरहित अर्कानेही अम्ल स्रवते हे दाखवले. अखेर १९६४ साली लिव्हरपूल येथे रॉडरिक ग्रेगरी व हिल्डा ट्रेसी यांनी डुकराच्या अँट्रममधून शुद्ध गॅस्ट्रिन वेगळे केले. ते सतरा अमिनो अम्लांचे पेप्टाइड निघाले. एडकिन्स १९४० सालीच निवर्तले होते. गंमत अशी, की दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर होते. गॅस्ट्रिन खरोखरच अस्तित्वात आहे, आणि ते आपले बहुतेक काम हिस्टॅमीनकरवीच करून घेते. हिस्टॅमीनच्या एच-२ ग्राहींना अडवणारे सिमेटिडीन हे औषध जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आले. त्यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सोमॅटोस्टॅटिन १९७३ साली मेंदूतील अधोथॅलॅमसातून वेगळे करण्यात आले. जठरातील त्याचे स्थान त्यानंतर स्पष्ट झाले.

हेलिकोबॅक्टर पायलोरी आणि तीव्र अवस्था

जगभरातील जीर्ण जठरशोथाचे सर्वांत मोठे कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा सर्पिल आकाराचा जीवाणू आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी १९८२ साली तो प्रयोगशाळेत वाढवला. या कामासाठी त्यांना २००५ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

संसर्ग नवा असताना अम्ल वाढत नाही, तर कमी होते. याचा पुरावा जीवाणूचा शोध लागण्यापूर्वीच समोर आला होता, फक्त त्याचा अर्थ कोणाला लागला नव्हता. अमेरिकेतील डॅलस येथे अम्लस्रावाच्या प्रयोगांत भाग घेणाऱ्या ३७ निरोगी स्वयंसेवकांपैकी १७ जणांचा अम्लस्राव अचानक जवळजवळ थांबला. त्यांच्या जठरात दाह आढळला. प्रयोगाच्या नळ्या व उपकरणांवाटे काहीतरी संसर्गजन्य पसरले असावे, असा संशय १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात व्यक्त झाला. काही महिन्यांनी बहुतेकांचा अम्लस्राव पूर्ववत झाला. तो हेलिकोबॅक्टरचा संसर्ग होता हे पुढे उमगले. १९८४ साली मार्शल यांनी या जीवाणूचे संवर्धन स्वतः प्यायले. आठवड्याभरात त्यांना मळमळ व उलट्या सुरू झाल्या आणि दहाव्या दिवशीच्या बायोप्सीत तीव्र जठरशोथ दिसून आला. उलटीच्या पाण्यात अम्ल नव्हते, असे त्यांनी नोंदवले आहे.

या अवस्थेत दाहपेशींतून स्रवणारे इंटरल्यूकिन-१ बीटा हे प्रथिन महत्त्वाचे ठरते. अम्लजनक पेशींचा स्राव रोखणाऱ्या ज्ञात द्रव्यांमध्ये ते अतिशय प्रभावी आहे. जीवाणूची स्वतःची काही द्रव्येही प्रोटॉन पंपाच्या कामात अडथळा आणतात. अम्लाची धार कमी झाल्याने जीवाणूला बस्तान बसवायला अवसर मिळतो.

अँट्रमपुरता सीमित दाह: जास्त अम्ल

पुढे संसर्ग जीर्ण होतो आणि उपचार न केल्यास बहुधा आयुष्यभर टिकतो. ज्या व्यक्तींची अम्लनिर्मिती मुळात जोमदार असते, त्यांच्या जठरकायेत जीवाणूला फारसा थारा मिळत नाही आणि दाह मुख्यतः अँट्रममध्ये राहतो. तेथे दोन गोष्टी एकाच वेळी घडतात.

पहिली म्हणजे डी पेशींची संख्या व त्यांतील सोमॅटोस्टॅटिन कमी होते. जीवाणू तयार करत असलेले हिस्टॅमीनसदृश एक द्रव्य डी पेशींवरील एच-३ ग्राहींद्वारे सोमॅटोस्टॅटिनचा स्राव दाबते, असेही प्रयोगांत दिसले आहे. दुसरी म्हणजे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, इंटरल्यूकिन-८ यांसारखी दाहप्रथिने जी पेशींना थेट चेतवून गॅस्ट्रिन सोडायला लावतात. लगाम सैल आणि टाच घट्ट, अशी ही स्थिती असते. जेवणानंतर वाढलेले गॅस्ट्रिन ज्या वेळी अम्लाच्या दाबाने खाली यायला हवे, त्या वेळी ते खाली येत नाही.

सुरुवातीला या वाढीचे श्रेय जीवाणूच्या युरिएज या विकराला दिले गेले होते. त्यापासून तयार होणाऱ्या अमोनियामुळे जी पेशींभोवतीचे अम्ल उदासीन होऊन त्या फसत असाव्यात, अशी ही आकर्षक उपपत्ती होती. पण युरिएजची क्रिया रोखूनही गॅस्ट्रिन तत्काळ कमी झाले नाही आणि लक्ष दाहाकडे वळले.

जठरकाया निरोगी असल्याने वाढलेल्या गॅस्ट्रिनला ती पूर्ण प्रतिसाद देते. १९८९ साली लंडनमधील संशोधकांनी ग्रहणीव्रणाच्या रुग्णांत जीवाणू नष्ट केल्यावर गॅस्ट्रिन खाली येते असे दाखवले आणि संसर्ग व व्रण यांना जोडणारा दुवा गॅस्ट्रिनच असल्याचे गृहीतक मांडले. १९९२ साली, उपचारानंतर अँट्रममधील सोमॅटोस्टॅटिनची निर्मिती वाढते हेही दिसून आले. ग्लासगो येथील एमाद एल-ओमर व केनेथ मॅकॉल यांच्या गटाने गॅस्ट्रिन मुक्त करणारे पेप्टाइड शिरेतून देऊन अम्लस्राव मोजला. संसर्ग नसलेल्यांच्या तुलनेत संसर्ग असलेल्या निरोगी व्यक्तींत तो सुमारे तिप्पट, तर ग्रहणीव्रणाच्या रुग्णांत सुमारे सहापट भरला. निरोगी आणि व्रणग्रस्त यांच्यातील हा फरक बोलका आहे. संसर्गाने गॅस्ट्रिन दोघांतही वाढते, पण व्रण होणाऱ्याच्या जठरात अम्लजनक पेशींचा साठा अधिक मोठा असतो.

जादा अम्ल ग्रहणीत उतरते. तेथील अस्तर स्वतःचा बचाव म्हणून जठराच्या अस्तराचे रूप धारण करते. दुर्दैवाने जठराच्या अस्तरावरच राहू शकणाऱ्या जीवाणूला त्यामुळे ग्रहणीतही जागा मिळते. तेथे दाह व अखेर व्रण होतो.

जठरकायेचा दाह: कमी अम्ल, तरीही जास्त गॅस्ट्रिन

काही व्यक्तींमध्ये दाह जठरकायेत पसरतो. बालवयातील संसर्ग, जीवाणूच्या अधिक आक्रमक प्रजाती, खारवलेल्या व धुरावलेल्या अन्नाचे अधिक सेवन आणि आनुवंशिक रचना हे घटक त्याला अनुकूल ठरतात. इंटरल्यूकिन-१ बीटाची निर्मिती वाढवणारे जनुकीय प्रकार असलेल्या व्यक्तींना अम्लन्यूनतेचा व जठराच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो, हे एल-ओमर व सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले.

येथे अँट्रममधून गॅस्ट्रिनचा आदेश निघत राहतो, मात्र तो पाळणारी यंत्रणा दाहामुळे क्षीण झालेली असते. प्रारंभी अम्लजनक पेशी शाबूत असूनही दाहप्रथिनांमुळे त्या दबलेल्या असतात. या टप्प्यावर जीवाणू नष्ट केल्यास अम्ल बऱ्याच अंशी परत येते. कालांतराने मात्र ग्रंथीच नाहीशा होतात. या शोषानंतर अस्तराचे आतड्याच्या अस्तरात रूपांतर, पेशींतील विकृती आणि कर्करोग अशी पायऱ्यांची मालिका पेलायो कोरिया यांनी मांडली. अम्ल कमी झाल्याने प्रत्याभरणाचा अंकुश सुटतो आणि गॅस्ट्रिन आणखी वाढते. पुढे शोष अँट्रममध्येही पोहोचला, तर जी पेशी नष्ट होऊन गॅस्ट्रिनही घटते. त्यामुळे एकाच रुग्णात वयानुसार गॅस्ट्रिनचा आलेख आधी चढता व नंतर उतरता असू शकतो. केवळ एका मापनावरून आजाराची अवस्था सांगता येत नाही, त्याचे हे एक कारण आहे.

जठराच्या एका टोकाला व्रण आणि दुसऱ्या टोकाला कर्करोग, हे दोन मार्ग एकमेकांना बऱ्याच अंशी वगळतात. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील मोठ्या अभ्यासात ग्रहणीव्रण झालेल्यांना जठराच्या कर्करोगाचा धोका सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा कमी, तर जठरव्रण झालेल्यांना जास्त आढळला. जपानमध्ये नाओमी उएमुरा व सहकाऱ्यांनी १,५२६ रुग्णांचा सरासरी सुमारे आठ वर्षे मागोवा घेतला. संसर्ग असलेल्या १,२४६ जणांपैकी ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला, तर संसर्ग नसलेल्या २८० जणांपैकी एकालाही झाला नाही. संसर्ग असूनही ग्रहणीव्रणाच्या गटात कर्करोगाचा एकही रुग्ण नव्हता. २००१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याआधीच, १९९४ साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जीवाणूची नोंद पहिल्या गटातील कर्करोगकारकांत केली होती.

स्वयंप्रतिरक्षित जठरशोथ

या प्रकारात शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा अम्लजनक पेशींतील प्रोटॉन पंपालाच शत्रू मानते. रक्तात अम्लजनक पेशींविरुद्धची प्रतिपिंडे आढळतात, पण प्रत्यक्ष नाश मुख्यतः लसिका पेशी घडवून आणतात. दाह जठरकायेपुरता राहतो आणि अँट्रम सुरक्षित असते. १९७३ साली स्ट्रिकलंड व मॅके यांनी जीर्ण जठरशोथाचे ‘ए’ व ‘बी’ असे प्रकार पाडले, त्यांतील ‘ए’ तो हाच.

परिणामी जठरातील अम्ल जवळजवळ संपते. निरोगी जी पेशींना पोकळीत अम्ल आढळत नाही, डी पेशींना चेतना मिळत नाही आणि गॅस्ट्रिनचा स्राव वर्षानुवर्षे अखंड चालू राहतो. उपाशीपोटी रक्तातील गॅस्ट्रिन सामान्यतः दर मिलिलिटरला १०० पिकोग्रॅमच्या आत असते. या रुग्णांत ते १,००० च्याही वर जाऊ शकते. ज्यांच्या जठरात अम्लाचा थेंब नाही, त्यांच्याच रक्तात अम्लोत्तेजक संप्रेरक सर्वाधिक असावे, हे वरवर पाहता चमत्कारिक वाटते. किरणोत्सर्गी प्रतिरक्षामापन पद्धतीच्या जनक रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी १९७० साली याचा उलगडा साध्या प्रयोगाने केला. घातक पांडुरोगाच्या रुग्णांना त्यांनी सौम्य हायड्रोक्लोरिक अम्ल प्यायला दिले आणि रक्तातील गॅस्ट्रिन झपाट्याने उतरले. जी पेशी बिघडलेल्या नव्हत्या. त्या फक्त न येणाऱ्या उत्तराची वाट पाहत होत्या.

सततच्या गॅस्ट्रिनमुळे ईसीएल पेशींची बेसुमार वाढ होते. काही रुग्णांत त्यांच्या लहान लहान गाठी तयार होतात. त्यांना पहिल्या प्रकारच्या तंत्रिकांतःस्रावी गाठी म्हणतात. त्या बहुधा एक सेंटिमीटरहून लहान, अनेक आणि संथ वाढणाऱ्या असतात. अँट्रम शस्त्रक्रियेने काढल्यास, म्हणजे गॅस्ट्रिनचा स्रोतच बंद केल्यास, अनेकदा त्या मागे हटतात. संप्रेरक हेच त्यांच्या वाढीचे कारण असल्याचा हा ठोस पुरावा मानला जातो.

आंतर घटक नाहीसा झाल्याने ब-१२ जीवनसत्त्वाचे शोषण थांबते आणि घातक पांडुरोग होतो. अन्नातील लोह शोषण्यासही अम्ल लागत असल्याने लोहाची कमतरता त्याच्या कित्येक वर्षे आधी दिसू शकते. थायरॉइडच्या स्वयंप्रतिरक्षित विकारांशी या जठरशोथाचे साहचर्य असते. अशा रुग्णांत गोळीवाटे घेतलेल्या थायरॉक्सिनचे शोषणही कमी होते.

ग्रेलिन

१९९९ साली जपानमध्ये शोध लागलेले ग्रेलिन हे भूक वाढवणारे संप्रेरक प्रामुख्याने जठराच्या वरच्या भागात तयार होते. जठरकायेचा शोष झाला की ग्रेलिनच्या पेशीही घटतात व रक्तातील पातळी खाली येते. संसर्ग बरा झाल्यावर काहींचे वजन किंचित वाढते, त्याचा संबंध ग्रेलिनशी जोडला गेला आहे. तथापि उपचारानंतरच्या ग्रेलिन-मापनाचे निष्कर्ष अभ्यासागणिक वेगळे आहेत.

अम्लरोधक औषधांचा परिणाम

ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल ही प्रोटॉन पंप रोखणारी औषधे जठराला तात्पुरत्या अम्लन्यूनतेत नेतात. त्यामुळे जठरशोथ नसतानाही गॅस्ट्रिन वाढते आणि ईसीएल पेशींचा साठा फुगतो. औषध बंद करताच या वाढलेल्या साठ्यातून नेहमीपेक्षा अधिक अम्ल स्रवते. डेन्मार्कमध्ये १२० निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या व २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हे प्रकर्षाने दिसले. आठ आठवडे इसोमेप्रॅझोल घेऊन ते थांबवलेल्यांपैकी ४४ टक्के जणांना जळजळ किंवा तत्सम त्रास झाला, तर केवळ निष्क्रिय गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. या लोकांना आधी कोणताच आजार नव्हता. ‘गोळी सोडली की त्रास परत येतो’ या अनुभवाचा अर्थ प्रत्येक वेळी आजार उरला आहे असाच होत नाही.

हेलिकोबॅक्टरचा संसर्ग असताना ही औषधे दीर्घकाळ घेतल्यास दाह अँट्रममधून जठरकायेकडे सरकतो. अम्लाचा जो पहारा जीवाणूला वर चढू देत नव्हता, तोच औषधाने उठवलेला असतो. यामुळे दीर्घकाळ औषध द्यावयाचे असल्यास संसर्गाची तपासणी करून तो आधी बरा करावा, अशी शिफारस अनेक मार्गदर्शक तत्त्वांत आढळते.

वेदनाशामक गोळ्यांमुळे होणारी जठराची इजा मात्र निराळी असते. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे अस्तराचे रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिने कमी करतात. त्यात दाहपेशी थोड्याच असतात आणि गॅस्ट्रिनच्या बिघाडाचा भाग गौण असतो.

निदानातील उपयोग

गॅस्ट्रिनची पातळी वाढलेली आढळल्यास जठरातील अम्ल किती आहे हे पाहिल्याशिवाय तिचा अर्थ लावता येत नाही. रॉबर्ट झोलिंजर व एडविन एलिसन यांनी १९५५ साली वर्णन केलेल्या विकारात स्वादुपिंडातील किंवा ग्रहणीतील गाठ स्वतःच गॅस्ट्रिन स्रवते आणि जठरातील पीएच २ किंवा त्याखाली असतो. स्वयंप्रतिरक्षित जठरशोथात गॅस्ट्रिन तेवढेच वाढलेले असले तरी पीएच उदासीन पातळीकडे झुकलेला असतो. पहिल्यात गाठीचा शोध घ्यावा लागतो, तर दुसऱ्यात ब-१२ जीवनसत्त्व द्यावे लागते. प्रोटॉन पंप रोखणारी गोळी चालू असताना केलेली चाचणी दिशाभूल करते. ती काही दिवस थांबवून चाचणी करतात, परंतु झोलिंजर-एलिसन विकाराचा संशय असल्यास औषध अचानक बंद करणे धोक्याचे असल्याने हा निर्णय तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घेतला जातो.

पेप्सिनोजेन-१ फक्त जठरकायेत, तर पेप्सिनोजेन-२ जठरात सर्वत्र व ग्रहणीतही तयार होते. त्यामुळे जठरकायेच्या शोषात या दोहोंचे गुणोत्तर घटते. जपानमध्ये कर्करोगाचा धोका असलेल्या व्यक्ती निवडण्यासाठी ही रक्तचाचणी वापरली गेली आहे. त्याला गॅस्ट्रिन-१७ च्या मापनाची जोड दिल्यास शोष कोणत्या भागात आहे याचा अंदाज येतो. बायोप्सीत अँट्रम व जठरकाया या दोन्ही ठिकाणांहून वेगवेगळे तुकडे घेण्याचा सिडनी वर्गीकरणाचा आग्रह याच कारणासाठी आहे. एकाच ठिकाणचा तुकडा दाह आहे की नाही एवढेच सांगतो, त्याचा कल कोणीकडे आहे हे सांगत नाही.

भारतातील परिस्थिती

भारतात हेलिकोबॅक्टरचा संसर्ग व्यापक असून तो बहुधा बालपणीच होतो. तरीही जठराच्या कर्करोगाचे प्रमाण जपान व कोरियाच्या तुलनेत बरेच कमी आहे. मिझोराम हा याला ठळक अपवाद आहे. दुसरीकडे, ग्रहणीव्रण हा विसाव्या शतकात भारतातील, विशेषतः दक्षिणेकडील, नेहमीचा आजार होता. म्हैसूर येथे काम केलेले शल्यचिकित्सक फ्रँक टोवी यांनी त्याचा प्रादेशिक नकाशा मांडून तांदूळप्रधान व गहूप्रधान आहाराच्या प्रदेशांतील फरकाकडे लक्ष वेधले. संसर्ग जास्त पण कर्करोग कमी, या विसंगतीचे पूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही. जीवाणूची प्रजाती, आहार व यजमानाची जनुकीय रचना हे तिन्ही घटक विचारात घेतले जातात.

महाराष्ट्रात एक वेगळीच अडचण उभी राहते. पुण्यातील चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाहणी केलेल्या पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांत ब-१२ जीवनसत्त्वाची पातळी कमी होती. याचे प्रमुख कारण शाकाहार हे आहे. कमतरता इतकी सार्वत्रिक असल्यामुळे प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत आहाराला जबाबदार धरले जाते आणि स्वयंप्रतिरक्षित जठरशोथाचा एखादा रुग्ण त्या गर्दीत हरवण्याचा संभव असतो. मांसाहारी व्यक्तीतील कमतरता, सोबत थायरॉइडचा विकार किंवा लोहाच्या गोळ्यांनी न सुधारणारा ॲनिमिया असल्यास अम्लजनक पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांची व गॅस्ट्रिनची तपासणी उपयुक्त ठरते.

उपचारानंतरचे बदल

जीवाणू नष्ट झाल्यावर संप्रेरकांची घडी सर्वत्र एकाच वेगाने बसत नाही. अँट्रमच्या दाहात गॅस्ट्रिन काही आठवड्यांतच उतरते व सोमॅटोस्टॅटिन वाढते. अम्लजनक पेशींचा वाढलेला साठा ओसरायला मात्र अनेक महिने लागतात. पूर्वी केवळ अम्लरोधक औषधांनी भरून आलेला ग्रहणीव्रण औषध थांबवल्यावर वर्षभरात बहुसंख्य रुग्णांत पुन्हा उद्भवत असे. संसर्ग बरा केल्यानंतर तो क्वचितच उद्भवतो. जठरकायेच्या दाहात अम्ल परत आल्याने काहींना छातीतील जळजळ नव्याने जाणवू शकते. शोष झालेल्या ग्रंथींची भरपाई अंशतः आणि संथ गतीने होते. आतड्यासारखे रूपांतर झालेले अस्तर पूर्ववत होण्याची शक्यता त्याहूनही कमी असते. म्हणून विस्तृत शोष असलेल्या रुग्णांची संसर्ग बरा झाल्यानंतरही ठरावीक कालांतराने एंडोस्कोपी करून पाहणी केली जाते.